खुनी लेखकाला ठाऊक असतो, हीच अडचण
ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या होतकरू रहस्यकथाकारांसाठी

रहस्यकादंबरी लिहिणाऱ्यापुढे एक अडचण असते, ती इतर लेखकांना फारशी नसते. गुन्हा कोणी केला हे त्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. त्यामुळे आपण पेरलेला सुगावा वाचकाला दिसेल की नाही, दिसला तर किती लवकर, आणि शेवट वाचून तो खूश होईल की फसवणूक झाली म्हणून चिडेल, यांपैकी काहीच त्याला स्वतःला नीट तपासता येत नाही. म्हणून ही कादंबरी लिहायची एकट्याने असली, तरी तपासून घ्यायला चार जाणकार सोबती लागतात. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात असे सोबती मिळणं अवघड नाही. जुनी वाचनालयं आहेत, सराईत वाचक आहेत, निवृत्त पोलीस, वकील, डॉक्टर, रेल्वे कर्मचारी एकेका सोसायटीत सापडतात. त्यांचा उपयोग करून रहस्यकथा कशी उभी करावी, याचा हा आराखडा.

आधी वाचा, आणि क्रमाने वाचा

मराठी रहस्यकथेला मोठी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारखी पुस्तकं लिहून मराठी वाचकाला रात्र रात्र जागवलं. त्यानंतर बाबूराव अर्नाळकर आले. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची माणसं घराघरांत पोहोचली आणि त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे गेली. गोव्याशी नातं असलेल्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन असे वेगवेगळ्या स्वभावांचे नायक उभे केले. नारायण धारपांनी भयकथेला आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथेला स्वतःचा चेहरा दिला. मतकरींनी उत्तरायुष्यात ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमातून ठाण्याच्या वस्त्यांमधली मुलं नाटकाकडे वळवली, म्हणून या शहराला ते अधिक जवळचे.

एका लेखकाची तीन-चार पुस्तकं सलग वाचा. पहिल्या वाचनात गोष्टीचा आनंद घ्या. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल हातात धरा आणि प्रत्येक सुगावा कोणत्या पानावर आला, त्याच्या आजूबाजूला लेखकाने लक्ष कुठे वळवलं, हे समासात टिपून ठेवा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर अर्थातच वहीत. अर्नाळकरांकडून वेग शिका, शिरवळकरांकडून संवाद, धारपांकडून वातावरण. मग मराठीबाहेर पडा. शेरलॉक होम्सच्या कथा मराठीत केव्हाच आल्या आहेत, आणि सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत वाचता येतो.

पुस्तकं कुठे मिळतील याची चिंता या पट्ट्यातल्या वाचकाने करू नये. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाचा उपक्रम रुजवला: आपलं वाचून झालेलं पुस्तक द्यायचं आणि दुसऱ्याचं घेऊन जायचं. जुन्या, बाजारात न मिळणाऱ्या रहस्यकथा अशाच वाटेने हाती लागतात. ग्रंथपालाला थेट विचारा. कोणतं पुस्तक वाचकांनी सर्वांत जास्त हाताळलंय, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

गोष्ट शेवटाकडून रचा

वाचक कादंबरी पहिल्या पानाकडून वाचतो. लेखकाने मात्र ती गुन्ह्याकडून रचायची. लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: गुन्हा प्रत्यक्षात कसा घडला याची मिनिटामिनिटांची नोंद, तो जगाला कसा दिसला याची दुसरी नोंद, आणि या दोन नोंदींमध्ये कुठे फट राहिली याची यादी. ती यादी म्हणजेच तुमचे सुगावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डोंबिवली पूर्वेला वीस सदनिकांची जुनी सोसायटी आहे. पुनर्विकासाला आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, म्हणजे अकरा होकार हवेत. दहा मिळालेत. अकरावा ज्यांच्या हातात आहे ते निवृत्त शिक्षक ठाम नकार देतात. त्यांचा वारस भाचा, आणि तो कर्जात बुडालेला. एका संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, ठाकुर्लीजवळ रुळांलगतच्या पायवाटेवर भाचा मामांच्या डोक्यात वार करतो, देह झुडपात ढकलतो आणि लोकल पकडून ठाण्याला जातो. साडेसहापासून रात्री दहापर्यंत तो एका कौटुंबिक कार्यक्रमात वीस माणसांसमोर वावरतो. जाण्याआधी त्याने मामांचं वाचनालयातलं पुस्तक शेजारच्या मुलाच्या हाती दिलेलं असतं: “काकांनी सांगितलंय, सातच्या सुमाराला परत करून ये.” वाचनालयाच्या रजिस्टरात सात वाजून पाच मिनिटांची नोंद होते. म्हणजे जगाच्या हिशेबात शिक्षक सात वाजता जिवंत होते, आणि त्या वेळी भाचा ठाण्यात होता.

फट कुठे? ते पुस्तक दोन भागांतल्या कादंबरीचा पहिला भाग होता, आणि दुसरा भाग आपल्यासाठी बाजूला काढून ठेवायला शिक्षकांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. पुस्तक परत आलं, पण दुसरा भाग कोणी नेला नाही. वाचनवेडा माणूस असं करणार नाही.

गुन्ह्यामागचं कारण इथे दुरून आणावं लागलं नाही. पुनर्विकास, वारसा, पागडी, कागदपत्रांची अफरातफर, भिशी, सोसायटीतली जुनी वैरं हे आपल्या शहरांचं रोजचं वास्तव आहे. ते सोडून परदेशी वाड्यातला विषाचा प्याला मराठीत आणायची गरज नाही.

आपलं गाव पुराव्यासारखं वापरा

स्थळाचं वर्णन करणं आणि स्थळ कथानकात गुंतवणं यांत फरक आहे. तलावपाळीची संध्याकाळ, फडके रोडवरची दिवाळी पहाट, दुर्गाडीचा बुरूज यांची नुसती नावं घेऊन वातावरण तयार होत नाही. त्या जागेशिवाय गुन्हा घडूच शकला नसता असं वाटलं, तर जागा कामी आली.

लोकल हे आपल्याकडचं सर्वांत मोठं साधन. कल्याणला गाडी कसाऱ्याकडे जाते की कर्जतकडे, दिव्याहून पनवेल आणि वसईच्या दिशेने फाटे कसे फुटतात, कोपरला वरचा आणि खालचा फलाट कसा आहे, याचं ज्ञान इथल्या प्रत्येकाला असतं. बाहेरच्या लेखकाकडे ते नसतं. पण अचूक राहा. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यावर जलद लोकल पारसिक बोगद्यातून जायच्या थांबल्या. २०१९ सालची गोष्ट असेल तर जलद लोकलमधल्या बोगद्यातल्या अंधाराचा फायदा गुन्हेगाराला देता येईल. २०२४ सालच्या गोष्टीत तोच प्रसंग आला, तर डोंबिवलीचा वाचक पुस्तक मिटून ठेवेल.

इतिहासही हाताशी आहे. पेशवे दुसरे बाजीराव यांचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या १८१५ सालच्या पंढरपुरातल्या खुनाचा आरोप होता. इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. सप्टेंबर १८१६ मध्ये ते तिथून निसटले. एक मोतद्दार घोड्याची निगा राखताना खिडकीखाली मराठी गाणी म्हणत असे, त्या गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोहोचत असे आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नसल्याने त्यांना पत्ता लागला नाही, अशी हकिगत ग्रँट डफ आणि बिशप हेबर यांनी नोंदवून ठेवली आहे. तोच किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. रहस्यकथाकाराला या प्रसंगातून शिकण्यासारखं खूप आहे: निरोप लपवला नव्हता, सगळ्यांच्या कानांवर पडत होता, फक्त ऐकणाऱ्याला त्याचं महत्त्व कळत नव्हतं. उत्तम सुगावा असाच उघड्यावर असतो.

भाषेकडेही लक्ष द्या. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या गावांतला आगरी माणूस, उल्हासनगरचा सिंधी व्यापारी, गिरणगावातून इकडे आलेलं मालवणी कुटुंब, हे सगळे एकाच सुरात बोलायला लागले तर संशयितांचे चेहरे पुसले जातात.

पोलिसी काम नेमकं असू द्या

मराठी रहस्यकथेत सर्वांत जास्त ठेच इथे लागते. आपल्या पट्ट्यापुरती काही पथ्यं सांगतो.

हद्द पाहा. रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत मृतदेह सापडला तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जातं. तोच देह हद्दीबाहेर असेल तर शहर पोलिसांकडे, म्हणजे या पट्ट्यात ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे. डोंबिवली पूर्वेला रामनगर, टिळकनगर, मानपाडा आणि पश्चिमेला विष्णुनगर अशी पोलीस ठाणी वेगवेगळी आहेत. आपल्या उदाहरणात देह रुळांपासून दोन हात इकडे की तिकडे, यावर तपास कोणाकडे जाणार ते ठरतं, आणि या संभ्रमात गेलेला वेळ गुन्हेगाराच्या पथ्यावर पडतो.

पायऱ्या पाहा. संशयास्पद मृत्यूची आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा होतो, देह शवविच्छेदनासाठी जातो, गरज वाटल्यास व्हिसेरा राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. खुनाचा गुन्हा त्यानंतरही दाखल होऊ शकतो. शवविच्छेदनातून मृत्यूची वेळ मिनिटावर सांगता येत नाही, काही तासांचा अंदाज मिळतो. म्हणूनच आपल्या गोष्टीत वाचनालयाच्या रजिस्टराला महत्त्व आलं.

कायदा पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतरच्या खुनाला कलम ३०२ नव्हे, कलम १०३ लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनी इन्स्पेक्टरसमोर सारं कबूल करतो, तेवढ्याने खटला उभा राहत नाही. वस्तू, नोंदी, साक्षीदार यांची साखळी लागते.

खासगी गुप्तहेर नायक असेल तर त्याचे हात किती लांब आहेत ते ओळखा. त्याला पोलिसांसारखे अटकेचे अधिकार नसतात आणि कोणाच्याही फोनचे तपशील मागवता येत नाहीत. असे तपशील बेकायदा विकणारी साखळी ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये उघडकीला आणली होती. ही मर्यादा नायकाला त्रासदायक असली तरी लेखकाच्या फायद्याची आहे, कारण मग नायकाला डोकं चालवावं लागतं.

वाचकाशी प्रामाणिक राहा

लंडनमध्ये १९३० साली रहस्यकथाकारांनी ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन केला. जी. के. चेस्टरटन हे त्याचे पहिले अध्यक्ष होते, अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स या सभासद होत्या. दैवी साक्षात्कार, निव्वळ योगायोग किंवा वाचकापासून दडवलेला सुगावा यांच्या बळावर आपला गुप्तहेर रहस्य सोडवणार नाही, अशा आशयाची शपथ सभासदाला घ्यावी लागे. हा दंडक आजही लागू आहे. गुप्तहेराला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे.

त्यासाठी तीन सोप्या युक्त्या. महत्त्वाची गोष्ट तीन गोष्टींच्या यादीत मधे ठेवा, कारण यादीतली पहिली आणि शेवटची गोष्ट वाचकाच्या लक्षात राहते. सुगाव्यानंतर लगेच भावनेला हात घालणारं काहीतरी घडू द्या. आणि सुगावा भलत्याच कारणासाठी सांगा. आपल्या उदाहरणात ग्रंथपाल नायकाला म्हणेल, “सरांसाठी दुसरा भाग काढून ठेवला होता हो, आता कोणाला देऊ?” वाचकाला त्यात हळहळ दिसेल. पुरावा तिथेच उघडा पडलेला असेल.

खुनी कादंबरीच्या पहिल्या तृतीयांशात वाचकाला भेटलाच पाहिजे. शेवटी उगवलेला अनोळखी गुन्हेगार वाचक माफ करत नाही. प्रत्येक संशयिताकडे लपवण्यासारखं काहीतरी असावं, मात्र ते खुनाचं असायला नको. आणि मेलेल्या माणसाला माणूस म्हणून उभं करा. त्याचं वाचनाचं वेड, शेजाऱ्यांशी असलेला अबोला, त्याने कोणाची फी भरली होती, हे कळल्याशिवाय त्याला कोणी मारलं हे जाणून घ्यायची ओढ लागत नाही.

मंडळ जमवा

आता या लेखाचा गाभा. सहा ते आठ माणसं पुरतात. निम्मी लिहिणारी, निम्मी फक्त वाचणारी. त्यांत एखादा वकील, एखादी परिचारिका किंवा डॉक्टर, एखादा रेल्वे किंवा पोलीस खात्यातला निवृत्त माणूस असेल तर उत्तम. वयाचं मिश्रण ठेवा. महाविद्यालयातली मुलं मोबाइल आणि सीसीटीव्हीच्या चुका पटकन पकडतात. महिन्यातला एक वार कायमचा ठरवा. वाचनालयाची खोली, सोसायटीचं कार्यालय, कोणाची तरी बैठकीची खोली, काहीही चालेल. ठाण्यात २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक डोंबिवलीत राहिले. साहित्यासाठी चार माणसं एकत्र येण्याची सवय या शहरांना आधीपासून आहे, ती रहस्यकथेकडे वळवायची आहे.

बैठकीची पद्धत अशी ठेवा. लेखकाने हस्तलिखिताचा तीन चतुर्थांश भाग आठवडाभर आधी सर्वांना द्यावा. शेवट एका बंद पाकिटात ठेवावा. प्रत्येक वाचकाने बैठकीला येताना तीन गोष्टी लिहून आणाव्यात: खुनी कोण, कशावरून, आणि कोणत्या पानावर संशय आला. मग पाकीट उघडायचं. सगळ्यांनी बरोबर ओळखलं असेल तर सुगावे फार ढोबळ आहेत. कोणीच ओळखलं नाही आणि पाकीट उघडल्यावरही सगळे कपाळाला आठ्या घालून बसले, तर सुगावे पुरेसे नाहीत. दोघा-तिघांनी ओळखलं आणि बाकीचे “अरे, हे तर समोरच होतं!” म्हणाले, तर कादंबरी जमली.

आपल्या शिक्षकांच्या गोष्टीवर अशा बैठकीत कोणी विचारेल: त्या वारी वाचनालयाला सुट्टी तर नसते ना? मुलाने पुस्तक दिलं हे काउंटरवरच्या बाईंना आठवणार नाही का? स्टेशनबाहेरच्या कॅमेऱ्यात भाचा दिसणार नाही का? असे प्रश्न छपाईआधी आले तर लेखकाचं भाग्य.

दोन नियम काटेकोर पाळा. टीका पानावर करायची, माणसावर नाही. आणि मंडळात ऐकलेली कल्पना बाहेर न्यायची नाही. प्रत्येकाने आपलं हस्तलिखित तारखेसह ईमेलने पाठवावं, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

मंडळ रुळलं की एक प्रयोग करा. डिटेक्शन क्लबच्या सभासदांनी १९३१ साली ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ ही कादंबरी मिळून लिहिली. एकेकाने एकेक प्रकरण पुढे न्यायचं आणि सोबत आपल्या मनातली उकलही लिहून ठेवायची, असा नियम होता. कल्याण स्टेशनवर सुरू होणारी अशी एखादी कादंबरी आठ हातांनी लिहून पाहा. दुसऱ्याने ठेवलेला सुगावा मान्य करून पुढे जाण्यासारखा सराव नाही.

छापायला पाठवताना

पहिल्यांदा कादंबरी नको, कथा पाठवा. ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या दिवाळी अंकांनी रहस्य, गूढ आणि भयकथेला वर्षानुवर्षं जागा दिली आहे. दिवाळी अंकांचं साहित्य उन्हाळ्यापासूनच जमू लागतं, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर कथा पाठवण्यात अर्थ नाही. कादंबरीसाठी प्रकाशकाला दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं द्या. सारांशात खुन्याचं नाव लपवू नका, संपादकाला ते कळायलाच हवं. करारात ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि चित्रपटाचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. स्वतःच पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे मोजू नका.

खऱ्या घटनेवर लिहीत असाल तर नावं, गल्ली, व्यवसाय, नातं सगळं बदला. न्यायालयाने दोषी न ठरवलेल्या माणसाला कादंबरीत खुनी करणं कायद्याने धोक्याचं आहे, आणि ज्या घरातला माणूस गेला त्या घरावर तो अन्यायही आहे.

या पट्ट्यात रोज लाखो माणसं लोकलमध्ये तासन्‌तास घालवतात. त्यांच्या हाती देण्याजोगी, त्यांच्याच स्टेशनांवर घडणारी ताजी मराठी रहस्यकथा मात्र फार थोडी आहे. ती लिहिण्याची तुमची इच्छा असेल तर आधी या महिन्यात तीन माणसांना गाठा, एक तारीख ठरवा आणि प्रत्येकाला एक बंद पाकीट घेऊन यायला सांगा. लिहायला लागा.